आईला स्मृतिभ्रंश आहे, ती नाशिकला एकटी राहते. कोणती उपकरणं खरंच उपयोगी पडतात?

तुम्ही लिहिलंय, आई ७१ वर्षांच्या आहेत, सुरुवातीचा टप्पा आहे, घर सोडायला तयार नाहीत आणि तुम्ही परगावी. माझे बाबा याच अवस्थेत पंचवटीतल्या घरात अडीच वर्षं एकटे राहिले. मी इंदिरानगरला, म्हणजे गावातच, तरी रोज जाणं होत नव्हतं. त्या काळात बरंच काही विकत घेतलं. निम्मं माळ्यावर पडलंय.

माळ्यावर काय गेलं ते आधी सांगते. जीपीएसचं घड्याळ: ते रोज चार्ज करायला हवं, आणि हे लक्षात कुणी ठेवायचं, तर ज्यांना आठवत नाही त्यांनीच! बाबा ते काढून देव्हाऱ्यात ठेवायचे. इंडक्शन: चहाचं जर्मनचं पातेलं त्यावर तापतच नाही, आणि बाबांना ती शेगडी आहे हेच पटलं नाही. मग चपलेत ट्रॅकर बसवला. काळारामाच्या दर्शनाला गेले आणि येताना दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून आले. माझ्या फोनवर बाबा दोन तास देवळाबाहेर उभे, प्रत्यक्षात घरी येऊन झोपलेले.

कॅमेऱ्याचं तोंड त्यांनी भिंतीकडे फिरवलं. "मी काय चोर आहे का?" त्यांना न विचारता लावला होता, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. तुमच्या आईंना आज सगळं समजतंय, तेव्हा जे काय लावाल ते त्यांना विचारून आणि आत्ताच लावा. आणखी वर्षभराने नवीन काही शिकणं त्यांना जड जाईल.

टिकलं ते असं, ज्यासाठी बाबांना काहीच वेगळं करावं लागलं नाही. पलंगापासून संडासापर्यंत हालचालीवर पेटणारे छोटे दिवे: सगळ्यात स्वस्त, आणि रात्रीचं पडणं त्यांनीच वाचवलं. गॅसला ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा टायमर लावला. शेगडी तीच, लायटर तोच. गळतीचा अलार्मही घ्या, पण जागा बघून लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीलगत. पाइपचा हलका, म्हणून छताजवळ. आमच्याकडे सिलिंडर, आणि इलेक्ट्रिशियनने अलार्म लावला थेट छताला. जुन्या टॅबलेटवर मोठ्या देवनागरी अक्षरांत 'बुधवार, सकाळ' असं दिसेल अशी सोय भाच्याने करून दिली. वार कळला की बाबा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला निघायचे, तेही पिशवी घेतल्याशिवाय कधीच नाही. शेवटी ट्रॅकर त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात शिवला. घेताना बघा, ब्लूटूथचे टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतात. रविवार कारंज्याच्या गर्दीत ठीक, मळ्यांच्या बाजूला भटकले तर बिनकामाचे. तिथे सिमकार्डवालं जीपीएसच लागतं.

ब्रिटनमध्ये २०२२ साली अशाच साधनांसाठी स्पर्धा जाहीर झाली, पहिलं बक्षीस १० लाख पौंड. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सोबत घेऊन साधन घडवायचं, यावर तिचा भर. आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी दुकानात मिळतं त्यातलं बहुतेक इंग्रजीत बोलतं. नाशिकला हे अवघड का असावं? २०१५ च्या सिंहस्थात इथल्याच मुलाने पायाखालच्या चटईवरून गर्दी मोजणारं यंत्र केलं होतं. तशीच चटई दाराशी टाकली, की रात्री दोनला बाबा बाहेर पडले हे मला कळलं असतं. असं काही बनवणाऱ्या मुलांनी आधी एखाद्या आजोबांच्या स्वयंपाकघरात आठवडाभर बसावं, एवढंच.

खरेदीआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलंय ना? त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा वाढतो. आणि कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडवर तुमचा नंबर देऊन ठेवा. बाबांना दोनदा रिक्षावाल्यांनीच घरी आणून सोडलं.

हो, राउटरला छोटा यूपीएस घ्यायला विसरू नका. पहिल्याच उन्हाळ्यात लाइट गेली, माझ्या फोनवर खबर देणारे सगळे सेन्सर एकदम गप्प झाले आणि मी ऑफिस सोडून धावत पंचवटी गाठली. बाबांनी दार उघडलं, हातात चहाचा कप. म्हणाले, "एवढ्या उन्हाची कशाला आलीस? लाइटबिल भरायचं राहिलंय का?"