ज्याला माझं सगळं माहीत आहे, तो माझ्यावर प्रेम कसा करेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, देव तिला आतून-बाहेरून ओळखतो आणि तरीही तिच्यावर प्रेम करतो. तिला या गोष्टीचा आधार वाटतो, तुम्हाला मात्र धडकी भरते. शिवाय, देवाला सगळं आधीच माहीत असेल तर प्रार्थनेत कबुली कशाला द्यायची, असंही तुम्ही विचारलंय.

धडकी भरणं मला अगदी रास्त वाटतं. पवित्र शास्त्रात माणसाने देवाला दिलेलं पहिलंच उत्तर आहे, "मी भ्यालो आणि लपलो." पहिला माणूस आदाम झाडांमागे लपला होता. तुमच्या मैत्रिणीनेही कधीतरी हे केलंच असेल, विचारून बघा.

मी नंदुरबार जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या भागात, विशेषतः भिल्ल, पावरा, मावची अशा आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो, त्यामुळे त्याच्या तपासण्या सतत चालू असतात. रिपोर्टवर ‘एएस’ आलं की माणूस वाहक. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडचे रिपोर्ट बघा, एवढंच आमचं सांगणं. पण मुलीचा कागद हातात पडला की आई आधी इकडेतिकडे बघते आणि मग हळूच म्हणते, "ताई, कुणाला बोलू नका." तिला आजाराची भीती नसते. कळलं तर पोरीला कोण करून घेणार, ही भीती असते. लोकांना आपलं जितकं कमी कळेल तितकी माया टिकते, हा हिशोब आपण सगळेच कुठे ना कुठे शिकलेलो असतो. तोच हिशोब देवाला लावला की तुम्हाला पडलेला प्रश्न पडतो.

ख्रिस्ती विश्वासात हा हिशोब बसत नाही, कारण तिथे ओळख आधी आहे. देवाने आधी प्रेम केलं, नंतर त्याला आपलं खरं रूप कळलं, असा क्रमच नाही. येशूचा प्रेषित पौल रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे उद्या आपल्याबद्दल काही नवीन कळून त्याचं मन फिरेल, याला जागाच उरत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) चौथ्या अध्यायातली शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई घ्या. ती याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी पाण्याला येते. एवढ्या उन्हाची का, ते योहान सांगत नाही. पण खानदेशात राहणाऱ्याला मे महिन्यात बारा वाजता एकटीच घागर घेऊन निघालेली बाई दिसली, तर त्याच्या मनात काय येईल हे मी सांगायला नको. पाण्याला जायची वेळ सकाळची, चारचौघींबरोबरची. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि बोलता बोलता सांगून टाकतो की तुला पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही. (हिला बदफैली ठरवणारी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. पाच नवरे मेले की त्यांनी टाकून दिलं, हे शास्त्र सांगत नाही. आपणही सांगू नये.)

मला यातलं विशेष वाटतं ते असं की येशू हे बोलणं टाळत नाही आणि त्यावरून तिला झाडतही नाही. उपासना कुठे करावी, याच डोंगरावर की यरुशलेमेत, असं ती विचारते तेव्हा तो तिच्याशी नीट चर्चा करतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि म्हणते, चला, मी केलेलं सगळं ज्याने सांगितलं तो माणूस बघा! ज्या गावाला तिचं सगळं आधीच माहीत, त्याच गावाला ती हे स्वतःच्या तोंडाने सांगते. जे कालपर्यंत दुसऱ्यांच्या कुजबुजीत होतं ते आज तिची साक्ष झालं. गावकऱ्यांच्या आग्रहावरून येशू तिथे दोन दिवस राहिला.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं तर आणखी उघड आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने त्याचे पाय धुतले, आणि त्याच रात्री त्याला सांगितलं की कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, म्हणजे मला ओळखतच नाहीस असं म्हणशील. माहीत असून पाय धुतले. पुढे येशूला पकडून नेल्यावर पेत्राने महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत खरोखरच नाकारलं. येशू मरणातून पुन्हा उठल्यानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. तो म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो हेही तुला ठाऊक आहे. स्वतःची खात्री देण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलेलं नाही, म्हणून तो येशूला जे ठाऊक आहे त्याचाच आधार घेतो. तुम्हाला ज्याची धडकी भरते, नेमकं तेच. येशू त्याला सोडून देत नाही, कामाला लावतो: माझी मेंढरं चार. म्हणजे प्रेम आहे म्हणून सगळं खपवून घेतलं, असंही झालेलं नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय, त्याचंही तसंच. येशूला बघायला तो उंबरावर चढला होता; येशूने त्याला नावाने हाक आधी मारली, लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा त्याने नंतर केली.

एक मात्र सांगते: हे देवाबद्दल झालं. आमच्या मंडळीतही रिपोर्ट लपवले जातात, आणि तेही विनाकारण नाही. मैत्रिणीबरोबर उपासनेला गेलात तर पहिल्याच दिवशी कुणापुढे मन मोकळं करायची गरज नाही.

आता कबुलीचं. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी (उपासनेत येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याआधी) थोडा वेळ सगळे गप्प बसतात, ज्याने त्याने स्वतःला तपासून पाहायचं असतं. देवाला त्यातून नवीन काही कळत नाही. लपणं तेवढं थांबतं.

यासाठी पवित्र शास्त्रातलं, दावीद राजाचं स्तोत्र 139 वाचा, पण पूर्ण 24 ओव्या वाचा. कॅलेंडरवर छापतात त्या आईच्या उदरात घडवल्याच्या ओळी सुंदरच आहेत, पण उपासनेत 19 ते 22 बहुतेक वेळा गाळल्या जातात. तिथे दावीद देवाला सांगतो की दुर्जनांना मारून टाक, मी त्यांचा अगदी मनापासून द्वेष करतो. देवासमोर असं बोलायची लाज वाटते, म्हणून आपण उडी मारून पुढे जातो; त्याने मात्र तेही बोलून टाकलं. आणि लगेच 23व्या ओवीत तो म्हणतो, देवा, मला पारख, माझं मन जाण. पहिल्याच ओवीत ‘तू मला पारखलं आहेस’ असं म्हणून झालंय, तरी आता तेच तो स्वतःहून मागतो.