वाचकांचे प्रश्न : रेडिओ सिग्नलमधली छुपी खूण

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दोन प्लूटो एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारे छोटे रेडिओ) घेतले आहेत. क्यूपीएसके सिग्नलमध्ये (यात लहरीच्या चार फेजमधून, म्हणजे चार कोनांतून, बिट पाठवतात) हलकासा टॅग, म्हणजे छुपी खूण, मिसळून फ्रेम (संदेशाचा एकेक गठ्ठा) खऱ्या ट्रान्समीटरचीच आहे का, हे तपासायचं आहे. सिम्युलेशन चोख चालतं. प्रत्यक्षात खऱ्या फ्रेमही नाकारल्या जातात. टॅगची पॉवर वाढवू का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : मुळीच नको. एकूण पॉवरच्या १ टक्का पुरते. गुप्त की (दोन्हीकडे ठेवलेला गुप्त आकडा) वापरून फ्रेम क्रमांक आणि संदेश यांचा एचएमएसी-एसएचए-२५६ काढा, म्हणजे की असल्याशिवाय बनवता न येणारा ठसा. त्याचे २५६ बिट म्हणजे अधिक-उणे १ चे २५६ सिम्बॉल (सिग्नलचे एकेक ठोके). ते ०.१ ने गुणून ०.९९५ पट केलेल्या संदेशात मिळवा. रिसीव्हरने संदेश वाचायचा, तोच टॅग पुन्हा बनवायचा, संदेश वजा करून उरलेल्याशी तो ताडून पाहायचा. एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांच्या पॉवरचं गुणोत्तर) १० डेसिबल असेल तर खऱ्या टॅगचा आकडा गोंगाटाच्या सुमारे ७.२ सिग्मा वर येतो (सिग्मा म्हणजे गोंगाटाच्या चढउताराचं माप). फ्रेम पास करण्याचा उंबरठा ४ सिग्मावर ठेवा.

आता घोळ कुठे होतो ते. संदेशाचा एक बिट चुकला की एचएमएसी पार बदलतो, म्हणून आधी एरर करेक्शन (चुकलेले बिट दुरुस्त करणं) आणि सीआरसी (चूक उरली का ते सांगणारी बेरीज), मगच टॅगची तपासणी. फ्रेम क्रमांक हेडरमध्ये उघड पाठवा. दोन्हीकडे नुसता मोजत बसलात, तर एक फ्रेम हरवताच पुढच्या सगळ्या नापास! आमचा पहिला संशय यावरच आहे. सिम्युलेशनमध्ये फ्रेम हरवत नाहीत ना.

दुसरा संशय फेजवर. प्लूटोचा ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी ठरवणारं घड्याळ) २५ पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २५ इतका चुकू शकणारा; त्यामुळे ८६६ मेगाहर्ट्झला २१ किलोहर्ट्झहून जास्त फरक पडू शकतो. तो काढल्यावरही २० हर्ट्झ उरले, तर सेकंदाला १ लाख सिम्बॉलच्या वेगाने २५६ सिम्बॉलमध्ये फेज १८ अंश फिरतो. एरर करेक्शन संदेश सांभाळून घेतं, पण ७.२ चा आकडा ६ वर घसरतो. वाचलेला संदेश पुन्हा एन्कोड करून त्यावरून अख्ख्या फ्रेमसाठी एकच गेन, फेज आणि फ्रिक्वेन्सी काढा, मग वजाबाकी करा. दर सिम्बॉलला धावणारा इक्वलायझर (सिग्नलची विकृती सतत दुरुस्त करणारा भाग) ठेवलात तर तो टॅगच गिळून टाकेल. एजीसी (आपोआप बदलणारा गेन) बंद, गेन हाताने. चाचणी केबलवर, मध्ये ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा जोड).

टॅग लपलेला असतो म्हणून सुरक्षित, असं रिपोर्टात लिहू नका. चांगल्या रिसीव्हरला त्याचा सुगावा लागतो. सुरक्षा कीमध्ये आहे. जुनी फ्रेम पुन्हा वाजवणारा क्रमांकावरून सापडेल, पण सिग्नल जसाच्या तसा तत्क्षणी पुढे ढकलणारा सापडणार नाही.

प्रश्न : विमानांच्या एडीएस-बी संदेशांना (विमान आपली जागा सतत कळवतं ते) अशी छुपी खूण लावणं जमेल?

उत्तर : तिथे गरज मोठी आहे. १०९० मेगाहर्ट्झवरच्या ११२ बिटांच्या संदेशात तो खरा असल्याची सही नसते. माहिती पल्सच्या जागेत असते, त्यामुळे फेज मोकळा. त्यावर खूण चढवली तर जुन्या रिसीव्हरला पत्ता लागत नाही. प्रयोग मात्र फक्त केबलवर. त्या फ्रिक्वेन्सीवर हवेत काहीही सोडू नका.