पहिल्या बिअरसाठी एकच हॉप घ्या

घरी पहिली बिअर करायची म्हणून तुम्ही हॉपच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) चार-पाच जातींची यादी केलीत, उत्साह आवडला. पण पहिल्या खेपेला एकच जात घ्या. मी कॅस्केड सुचवेन: अमेरिकेत विकसित झालेली, १९७२ साली बाजारात आलेली, लिंबूवर्गी फळांच्या आणि फुलांच्या वासाची. कडवटपणा आणि सुगंध, दोन्हीला चालते. एकच हॉप असला की ग्लासातली कुठली चव त्याची, हे जिभेला नेमकं कळतं.

खरी गंमत वेळेत आहे. ६० मिनिटं उकळलेला हॉप कडवटपणा देतो, वास मात्र वाफेबरोबर उडून जातो. शेवटच्या ५-१० मिनिटांत टाकलेला सुगंध देतो. म्हणून थोडा सुरुवातीला, बाकीचा शेवटी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पाकिटावरचं अल्फा आम्लाचं (हॉपमधल्या कडवटपणा देणाऱ्या घटकाचं) प्रमाण न बघता वजन ठरवणं. ६ टक्क्यांच्या जागी १२ टक्क्यांचा हॉप तेवढाच टाकलात, तर कडवटपणा जवळपास दुप्पट!
- उघडं पाकीट तसंच ठेवणं. हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. चीजसारखा वास आला तर सरळ फेका.

ड्राय हॉपिंग (न उकळता, बिअर आंबताना किंवा आंबल्यावर हॉप टाकणं) दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघू. आणि प्रत्येक वेळी किती ग्रॅम, कितव्या मिनिटाला, हे वहीत लिहाच.