नवीन लेफ्टनंट झालायस ना, मग आधी तुझ्या सार्जंटचं ऐक

अरे अभिनंदन, पण एक सांगतो, खांद्यावर स्टार आला म्हणजे प्लाटून आपोआप तुझी होत नाही. प्लाटूनमध्ये ३०-४० जवान असतात आणि त्यांना रोज हाताळतो तो सार्जंट, म्हणजे आपल्याकडचा हवालदार, तीन फितीवाला. त्याच्या खाली ८-१० जणांच्या एकेका सेक्शनला दोन फितीवाला कॉर्पोरल किंवा नायक. कागदावर तू सार्जंटपेक्षा मोठा, सॅल्यूट तोच तुला करणार, पण त्याची नोकरी तुझ्या वयाच्या निम्मी तरी झालेली असते हे लक्षात ठेव.

काय करायचं ते तू ठरव, कसं करायचं ते बरंचसं त्याच्यावर सोड. लांब मार्चनंतर बघ एकदा, तू नकाशात डोकं घालून बसलेला असतोस आणि तो एकेकाला बूट काढायला लावून पायाचे फोड बघत असतो, मोजे बदलले का विचारतो, कोणाची पाण्याची बाटली रिकामी आहे, रात्री पहारा कोणाचा, राउंड म्हणजे गोळ्या किती उरल्या, सगळं त्याला तोंडपाठ. हे तुला अकादमीत कोणी एवढं शिकवत नाही.

आणि जवानांसमोर त्याला झापू नकोस, प्लीज. मी एकदा केलं होतं, पुढचे दोन महिने फक्त 'यस सर' ऐकलं, कामाचं एक अक्षर नाही. पटत नसेल तर बाजूला घेऊन बोल. शेवटचा निर्णय आणि जबाबदारी मात्र तुझीच, ती त्याच्यावर ढकलायची नाही.