सांगलीत लॉ करतोय, मृत्युपत्र आणि वारसा विषयाला कुठलं पुस्तक घेऊ?

आधी जाडजूड पुस्तकाच्या मागं लागू नकोस, 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचा बेअर ॲक्ट, म्हणजे नुसता कायद्याचा मूळ मजकूर, घे आणि कलम 63 दहा वेळा वाच, दोन साक्षीदार, त्यांच्या सह्या, सगळं तिथंच आहे. टेक्स्टबुक नंतर. दुकानात उभ्या उभ्याच मृत्युपत्र शाबित करायचं प्रकरण उघड, अजून जुन्या पुरावा कायद्याचं कलम 68 असेल आणि 2023 च्या साक्ष्य अधिनियमाचं 67 नसेल तर सेकंडहँड कितीही स्वस्त मिळालं तरी परत ठेव. मी सातारला ज्युनिअर असताना बघितलंय, उसाच्या दीड एकराचं मृत्युपत्र, अंगठा व्यवस्थित, पण दोन्ही साक्षीदार वारलेले, आता शाबित कसं करायचं? हे निकालांसकट सोडवून दाखवणारं पुस्तक असेल तर डोळे झाकून घे.