क्षार म्हणजे सॉल्ट की बेस?

अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय की बेसला मराठीत 'क्षार' म्हटलं तर चालेल का, कारण 'आम्लारी' मुलांच्या तोंडात बसत नाही आणि मुलं जे हिंदी व्हिडिओ बघतात त्यात क्षार, क्षारक हेच शब्द असतात.

मॅडम, नका म्हणू. शब्दाच्या शुद्धतेपायी नाही म्हणत मी, तुमची पीएचची गणितंच त्यात बुडतील म्हणून म्हणतोय.

हिंदीत बेस म्हणजे क्षारक, अल्कली (पाण्यात विरघळणारा बेस) म्हणजे क्षार आणि सॉल्ट म्हणजे लवण. आपल्या शाळेच्या पुस्तकात बेस म्हणजे आम्लारी, अल्कली म्हणजे अल्क आणि सॉल्ट म्हणजे क्षार. म्हणजे तोच शब्द, पण दोन भाषांत दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसलाय. मराठी माध्यमातून दहावी झालेलं पोरगं आठवी-नववीत 'आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी' असं घोकून आलेलं असतं, तेच रात्री हिंदी व्हिडिओत 'क्षार' ऐकतं आणि सकाळी तुमच्या वर्गात क्षार म्हटलं की सामू, म्हणजे पीएच, ७ च्या वर असं धरून चालतं.

आता नवसागर घ्या, कल्हईवाले वापरतात तो. अमोनियम क्लोराइड, म्हणजे पुस्तकाच्या मराठीत पक्का क्षार. पण पाण्यात टाकलं की द्रावण आम्लधर्मी होतं कारण अमोनियम आयन पाण्याला प्रोटॉन देतो. गणित करून बघा, अमोनियाचा केबी (बेसची ताकद सांगणारा स्थिरांक) १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, त्यावरून अमोनियमचा केए (आम्लाचा तसाच स्थिरांक) येतो ५.६ गुणिले १० चा उणे १० वा घात, द्रावण ०.१ मोलर असेल तर केए आणि ०.१ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे हायड्रोजन आयन साधारण ७.५ गुणिले १० चा उणे ६ वा घात, आणि सामू आला ५.१. ज्याच्या डोक्यात क्षार म्हणजे बेस आहे तो हाच आकडा हायड्रॉक्साइडचा समजतो आणि १४ मधून वजा करून ८.९ लिहून मोकळा होतो. गंमत म्हणजे ८.९ हे उत्तर खरंच आहे, पण सोडियम अॅसिटेटचं! अॅसिटिक अॅसिडचा केए पण १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घातच आहे ना, त्यामुळे तेवढ्याच मोलॅरिटीला आकडे बरोबर उलटे येतात. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी सोडवा, सोबत साधं मीठ ठेवा ज्याचा सामू ७ च्या आसपास राहतो, म्हणजे क्षार आम्लधर्मी, उदासीन, अल्कधर्मी तिन्ही असू शकतो हे वेगळं सांगावं लागत नाही. तुरटी आणि धुण्याचा सोडा पण आहेतच, एक आम्लधर्मी, दुसरा चांगलाच अल्कधर्मी, दोन्ही क्षार.

हिंदीवाले चुकीचे आहेत असं मात्र नाही. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून राखेतून काढलेला अल्कधर्मी पदार्थ, जवखार त्यातलाच. अरबी 'अल्-कली' पण राखेवरूनच आलाय, त्याचंच अल्कली झालं. आपल्याकडेही पापडखार म्हणताना हाच जुना अर्थ आहे. पण खारं पाणी, खारे दाणे म्हणताना आपण मिठाबद्दलच बोलत असतो, तेव्हा पुस्तकाने क्षार सॉल्टला दिला ते मला तरी पटतं.

आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. न्यूट्रलायझेशन, म्हणजे आम्ल-आम्लारीचं उदासिनीकरण, शिकवेपर्यंत झकास शब्द आहे, पण १९२३ ची ब्रॉन्स्टेड-लोरीची व्याख्या (प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतो तो बेस) आली की अडचण होते, कारण तिथे अॅसिटेट आयन हा अॅसिटिक अॅसिडचाच संयुग्मी आम्लारी असतो, शत्रू कसला, एका प्रोटॉनचाच फरक. मुलं अडखळत असतील तर सरळ बेस म्हणा की, अकरावीत परीक्षा बहुतेकांची इंग्रजीतच असते. पण क्षार नको. अल्कलाइनला 'अल्कधर्मी' म्हणा, 'क्षारीय' हा हिंदीतून आलेला पाहुणा मराठी बातम्यांत हल्ली फार दिसतो, तो वर्गात आणू नका.

आणि मुलं शेतकऱ्यांची असतील तर माती परीक्षणाचा कागद आणायला सांगा. त्यात सामू वेगळा असतो आणि क्षारता वेगळी, ती विद्युत वाहकतेवरून काढतात. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर पण सामू ८.५ च्या आत असतो, चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असेल तर सामू ८.५ च्या वर जातो आणि तिथे जिप्सम घालावं लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीवाल्या घरातल्या पोराला हा फरक तुमच्याआधी माहीत असेल.