दारू सुटली, आता घरच्यांचं काय?

या महिन्यात दारूबद्दल बरीच पत्रं आली, पण पिणाऱ्याचं एकही नाही, सगळी घरच्यांची. त्यातली तीन इथे घेतलीत, थोडी लहान करून.

प्रश्न : ताई, मिस्टरांची दारू सुटून पाच महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, कामावर रेग्युलर जातात, पगार घरात देतात. सगळे म्हणतात तुझं नशीब उघडलं. पण मी अजूनही ते दारात आले की आधी चप्पल कशी काढतात ते बघते, तोंडाचा वास येतोय का बघते, आंघोळीला गेले की खिसे चाचपते. त्यांच्या लक्षात येतं मग भांडण, एवढं सोडलं तरी तुझा विश्वास नाही म्हणतात. स्वतःही सारखे चिडचिड करतात, रात्री झोपत नाहीत. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, हळदीला सगळे बसणार. माझंच काही चुकतंय का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही हो ताई, तुमचं काही चुकत नाहीये. इतकी वर्षं गेटचा आवाज आला की आज कसा मूड असेल, पोरांना आतल्या खोलीत पाठवू का, शेजारी ऐकतील का, हे सगळं दोन मिनिटांत ठरवायची सवय तुमच्या अंगात भिनलीय. ती त्यांनी पाच महिने प्यायली नाही म्हणून बंद होत नाही. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, केंद्रात त्यांना डॉक्टर मिळाले, कौन्सेलर मिळाले, ग्रुप मिळाला, सकाळी उठण्यापासून झोपेपर्यंतचं टाइमटेबल मिळालं. तुम्हाला काय मिळालं? तुम्ही तेवढे दिवस घर चालवलंत, उधाऱ्या फेडल्यात, नातेवाइकांना काय सांगायचं ते जुळवलंत. आणि ते घरी आले तेव्हा तुम्ही खूश व्हायचं अशी सगळ्यांची अपेक्षा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणारे मीटिंगांत भेटून एकमेकांना आधार देतात ती संघटना, अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली, ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बिल. त्यांची बायको लॉइस, नवरा सोबर झाल्यावर तिनेच खरं तर सगळ्यात जास्त आनंदात असायला हवं होतं. पण एकदा मीटिंगला उशीर होतोय, चल लवकर, एवढंच तो म्हणाला आणि तिने पायातला बूट काढून फेकला, तुझ्या त्या मीटिंगा गेल्या खड्ड्यात म्हणून. इतकी वर्षं जे हिने मागितलं ते त्या अनोळखी मित्रांनी करून दाखवलं, हा राग होता तो. पुढे १९५१ मध्ये तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने मिळून घरच्यांसाठी वेगळा ग्रुप काढला, अल-अनॉन. आपल्याकडेही त्याच्या मीटिंगा चालतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. तिथे पहिल्यांदा जे कानावर पडतं ते असं, की ही दारू तुमच्यामुळे लागली नाही, ती तुमच्या कंट्रोलमध्ये नाही आणि तुम्ही ती बरीही करू शकत नाही. ऐकायला कोरडं वाटतं, पण 'बायको नीट असती तर प्यायला असता का' हे वाक्य सासरच्या माणसांकडून ऐकून ऐकून थकलेल्या बाया हे ऐकून ढसाढसा रडतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, तिथेही बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा ग्रुप आहे. मिस्टर ज्या केंद्रात होते तिथे फोन करून विचारा घरच्यांसाठी काय आहे, आणि जा. त्यांच्या सोबत नाही, तुमची तुम्ही.

खिसे चाचपणं सोडा असं मी सांगेन, पण ते त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. चाचपून कुणाची दारू थांबली असती तर ती तेव्हाच थांबली असती. त्याऐवजी दोघंही शांत असताना स्पष्ट बोला, की मी वास घेणार नाही पण उशीर होणार असेल तर तुम्ही फोन करायचा, आणि अजून काही महिने पगार आधी घरात येईल. हे मागण्यात काही वावगं नाही. त्यांना वाटतं पाच महिने खूप झाले, त्यांच्या बाजूने खरंच खूप आहेत, पण तुमच्या मनात त्याआधीची सगळी वर्षं आहेत आणि ती त्यांच्या घाईने पुसली जाणार नाहीत.

झोप न लागणं, चिडचिड हे मात्र लगेच पिण्याचं लक्षण समजू नका. वर्षानुवर्षं रोज दारू पडलेला मेंदू ताळ्यावर यायला महिने लागतात, त्यात झोप सगळ्यात उशिरा सुधारते. ते मीटिंगला जातायत का, फॉलोअपला डॉक्टरांना भेटतायत का हे बघा, ते बंद झालं तर काळजी करायची.

आता हळद. माझं सरळ मत, रात्री थांबू नका. सकाळी हळद लावा, सगळ्यांसोबत जेवा, आणि बाटल्या निघायच्या आत स्वतःच्या गाडीने घरी या, दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहू नका. दुसऱ्या दिवशी लग्नाला मानाने उभे राहा. पण हे तुम्ही ठरवून त्यांना सांगायचं नाही, त्यांनी ठरवायचं, आणि त्यांच्या ग्रुपमधल्या जुन्या माणसाशी आधी बोलून ठेवायचं. दिराला मात्र आत्ताच सांगा की 'भावाच्या लग्नात तरी एक घे' म्हणणाऱ्याला तू आवर. आपल्याकडे न पिणाऱ्याला जबरदस्तीने पाजण्यात लोकांना जो मोठेपणा वाटतो त्याचा मला मनापासून राग आहे. मिस्टरांना एकच वाक्य पुरे, डॉक्टरांनी बंद केलीय, आणि तिथून हलायचं, वाद घालायचा नाही. समजा स्लिप झालीच, म्हणजे ते पुन्हा प्यायले, तर रात्री काहीच बोलू नका, पिऊन आलेल्या माणसाला काही कळत नसतं, सकाळी केंद्रात फोन करायचा आणि तो त्यांनी स्वतः करायचा. हात उचलला तर मात्र थांबायचं नाही, पोरांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा.

प्रश्न : माझे बाबा रोज पितात, पण घरात गणपती बसतो म्हणून दरवर्षी ते दिवस एकदम बंद करतात. यंदा दुसऱ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, घाम, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून हाताने झटकत होते, वारलेल्या काकांशी बोलत होते. आजी म्हणाली बाहेरचं आहे, भगताला आणलं. नंतर कुणीतरी थोडी पाजली तर शांत झाले. मी १९ वर्षांचा आहे, मला कुणी विचारत नाही, पण हे काय होतं? — चिपळूण तालुका

उत्तर : अरे, हे बाहेरचं नाही, दारू अचानक थांबल्यामुळे झालेलं आहे आणि यात माणूस जाऊ शकतो, म्हणून नीट वाच. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध रोज जोर लावत राहतो, आणि एक दिवस दारू काढली की तो लावलेला जोर तसाच राहतो. मग थरथर, घाम, छातीत धडधड. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दोन ते चार दिवसांत मुंग्या, किडे, माणसं दिसणं, दिवस आहे की रात्र ते न कळणं, ताप, हे सुरू होऊ शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. पाजल्यावर शांत झाले ते याचमुळे, भूत पळालं म्हणून नाही.

पुन्हा असं झालं तर भगत नाही, घरी पाजणंही नाही, सरळ हॉस्पिटल, रात्र असेल तर १०८. तिथे झोपेची वाटतील अशी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात. तुझं काम एकच, डॉक्टरांना खरं सांगायचं, रोज किती पितात आणि शेवटची कधी घेतली. लोक लाजेने लपवतात, पाय मोडला म्हणून अ‍ॅडमिट झालेला माणूस तिसऱ्या दिवशी भ्रमिष्टासारखा वागायला लागतो आणि कुणाला कळतच नाही का.

श्रावण पाळणाऱ्या, गणपतीत बंद ठेवणाऱ्या घरांत 'मनात आणलं तर तो सोडू शकतो' असं म्हणतात. रोज पिणाऱ्याने एकदम सोडणं हे धाडसाचं नाही, धोक्याचं आहे, त्यांना सोडायचीच असेल तर सणाच्या आधी डॉक्टर गाठायचा. १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठी पण फोन कर, बाबांचं कारण पुढे करायची गरज नाही. आणि आजीवर चिडू नकोस, तिला कुणी सांगितलंच नाहीये.

प्रश्न : मुलाला न कळत चहातून द्यायची पुडी मिळते, दारू हमखास सुटते म्हणतात. तीन हजार सांगितले. देऊ का? — एक आई, सोलापूर

उत्तर : माई, देऊ नका. पुडीत काय आहे ते विकणारा सांगत नाही. काही नसेल तर पैसे गेले, पण असेल तर जास्त वाईट. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, त्याचा दारूवरचा परिणाम १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर दारूचं पचन अर्ध्यात अडकतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या, बीपी एकदम खाली, हृदय कमजोर असेल तर जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ते पेशंटला सगळं समजावून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच देतात. तुमच्या मुलाला माहीतच नसेल तर तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणार ना. आणि उद्या त्याला कळलं की आई चहात काहीतरी घालते, तर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

ते तीन हजार जपून ठेवा आणि सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांची ओपीडी असते तिथे जा, तो येत नसेल तर पहिल्यांदा एकट्याच जा, घरच्यांशीही डॉक्टर बोलतात. एखादी पुडी आधीच देऊन झाली असेल तर ती सोबत न्या आणि कधी दिली ते सांगा. डायसल्फिरम असेल तर शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे हे मुलालाही सांगावं लागेल, आणि आजच.